कॉन्फ्लिक्ट मॅट्रिक्स आठ महिने वापरल्यानंतर: व्हॉलंटिअर मॅनेजमेंट सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमधला अनुभव

सॉफ्टवेअरकडून असलेल्या मागण्यांमधला आपसातला विरोध आधीच शोधायची ही पद्धत आठ महिने झाले वापरतोय, म्हणून सविस्तर लिहितो. सुरुवात केली तेव्हा प्रत्यक्ष वापरून बघितलेल्या कुणाचा अनुभव मला कुठेच मिळाला नव्हता, सगळीकडे नुसत्या व्याख्या. पद्धत म्हणजे दोन गोष्टी एकत्र. एक, प्रत्येक रिक्वायरमेंटचं, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करावं या प्रत्येक मागणीचं, वेगळं कार्ड. दोन, सगळ्या रिक्वायरमेंट एकमेकींसमोर ठेवून तपासायचा तक्ता, त्याला इंटरॅक्शन मॅट्रिक्स म्हणतात, वर कॉन्फ्लिक्ट मॅट्रिक्स म्हटलं ते हेच.

प्रोजेक्ट व्हॉलंटिअर मॅनेजमेंटचा. नावनोंदणी, कोण कुठल्या कामाला, शिफ्ट, हजेरी, तास, सर्टिफिकेट, मेसेज. पैशाचा व्यवहार नाही, काही गुंतागुंतीचं गणित नाही, त्यामुळे सोपं वाटतं. पण यात जे पाच-सहा प्रकारचे लोक असतात ना, कोऑर्डिनेटर, मॅनेजमेंट, नवीन लोक जोडणारी टीम, निधीचे रिपोर्ट करणारे, सुरक्षितता बघणारे आणि खुद्द व्हॉलंटिअर, या सगळ्यांना मनापासून तेच काम नीट व्हायला हवं असतं आणि तरीही त्यांच्या मागण्या एकमेकींना छेद देतात. कुणी भांडत नाही आणि तिथेच फसायला होतं, कारण भांडण झालं तर निदान कळतं तरी. आमच्या पहिल्या तीन मीटिंगमध्ये सगळे सगळ्याला हो म्हणत होते.

आधी कार्डाबद्दल. सुझान आणि जेम्स रॉबर्टसन यांचा रिक्वायरमेंट लिहायचा व्होलेरे नावाचा तयार नमुना आहे, त्यातलं कार्ड घेतलं. त्यात मागणीचं वर्णन असतंच, पण त्यासोबत ती कुणी मागितली, का मागितली, पूर्ण झाली हे कशावरून ठरवायचं आणि कुठल्या दुसऱ्या मागणीशी तिचा विरोध आहे, यासाठी वेगळे रकाने असतात. मला सगळ्यात उपयोगी पडला तो 'का' चा रकाना. नवीन लोक जोडणाऱ्या टीमला हवं होतं की माणूस दोन मिनिटांत नाव नोंदवून लगेच शिफ्ट घेऊ शकला पाहिजे, आणि सुरक्षितता बघणाऱ्या ताईंचं म्हणणं होतं की पडताळणी झाल्याशिवाय एकही शिफ्ट नाही. सरळसरळ विरोध. पण 'का' लिहायला बसलो तेव्हा टीमचं कारण निघालं की उत्साहात आलेला माणूस आठवडाभर काहीच झालं नाही की परत येत नाही, आणि ताईंचं कारण होतं की मुलांसोबत एकट्याने कुणी अनोळखी माणूस असता कामा नये. ही दोन कारणं एकमेकांच्या आड येतच नाहीत. मग कामांचेच दोन गट केले. सामान लावणं, पॅकिंग, नोंदी करणं असल्या कामांना नोंदणी झाली की लगेच शिफ्ट घेता येते, आणि मुलांसोबतची कामं पडताळणी होईपर्यंत त्या माणसाला यादीत दिसतसुद्धा नाहीत. ताई म्हणाल्या, "हे आधीच विचारलं असतंत तर मी लगेच सांगितलं असतं की पॅकिंगला माझी काहीच हरकत नाही." बरोबर होतं त्यांचं, आम्ही विचारलंच नव्हतं.

कार्डावर अजून दोन आकडे असतात. मागणी पूर्ण झाली तर किती आनंद होईल, १ ते ५, आणि नाही झाली तर किती त्रास होईल, पुन्हा १ ते ५. आधी आम्ही 'हवंच', 'असावं', 'चालेल', 'आत्ता नको' अशी मॉस्को पद्धतीची वर्गवारी केली होती, त्यात जवळपास सगळंच 'हवंच' मध्ये जाऊन बसलं. दोन आकडे मागितल्यावर मात्र लोक थांबून विचार करायला लागले. आपोआप तयार होणाऱ्या सुंदर सर्टिफिकेटला आनंद ५ मिळाला पण त्रास फक्त २, आणि शिफ्टच्या रिमाइंडरला उलटं, आनंद २ आणि त्रास ५. दोन मागण्या एकाच वेळात बसत नसतील तेव्हा हा फरक समोर असला की वाद पटकन मिटतो.

आता मॅट्रिक्स. ही कोटोन्या आणि समरव्हिल या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या अभ्यासकांनी मांडलेली पद्धत. आडव्या ओळीत सगळ्या रिक्वायरमेंट, उभ्या रकान्यातही त्याच, आणि प्रत्येक जोडीसाठी एक आकडा. संबंध नसेल तर ०, विरोध असेल तर १, दोन्ही एकच गोष्ट मागत असतील तर १०००. मग ओळीची बेरीज करायची. ३००४ आली तर त्या मागणीचं तीन मागण्यांशी ओव्हरलॅप आणि चार मागण्यांशी विरोध. साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं, वेगळं टूल लागत नाही, आणि जिथे बेरीज मोठी तिथून चर्चा सुरू करायची हे आपोआप ठरतं.

मॅट्रिक्सने जे एक पकडून दिलं त्यासाठी मी ही पद्धत कधीच सोडणार नाही. कोऑर्डिनेटरची मागणी होती की शिफ्टच्या ४८ तास आधीपासून नाव मागे घेता येऊ नये, कारण ऐनवेळी बदली माणूस मिळत नाही. दुसरीकडे मेसेजचं बघणाऱ्यांची मागणी होती की शिफ्टच्या २४ तास आधी रिमाइंडर जावा, 'जमणार नसेल तर इथे रद्द करा' या लिंकसकट. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी आल्या, वेगवेगळ्या माणसांकडून, दोन्ही अगदी शहाण्या मागण्या, सगळ्यांनी मान डोलावली. आणि दोन्ही तशाच बनवल्या असत्या तर प्रत्येक व्हॉलंटिअरला रद्द करायची लिंक तेव्हा मिळाली असती जेव्हा रद्द करता येतच नाही. जोडी-जोडी तपासताना त्या चौकटीत आल्यावर आम्ही दोघं एकदम थांबलो. आता रिमाइंडर ७२ तास आधी जातो आणि एक छोटा मेसेज आदल्या दिवशी, त्यात फक्त जागा आणि वेळ.

रिक्वायरमेंट कशा लिहाव्यात याचं आयईईई ८३० नावाचं १९९८ चं जुनं स्टँडर्ड आहे, २०११ मध्ये त्याची जागा २९१४८ क्रमांकाच्या नव्या स्टँडर्डने घेतली, पण जुन्यातला एक भाग मला अजूनही फार कामाचा वाटतो. त्यात विरोधाचे तीन प्रकार सांगितलेत. एकाच वस्तूबद्दल दोन वेगळी वर्णनं, दोन क्रियांमध्ये तर्काचा किंवा वेळेचा विरोध, आणि एकाच गोष्टीला दोन ठिकाणी वेगळे शब्द. रिमाइंडरचं प्रकरण दुसऱ्या प्रकारातलं. आम्हाला सगळ्यात जास्त त्रास मात्र शब्दांनी दिला, तोही उलट्या बाजूने, म्हणजे शब्द एकच आणि अर्थ तीन. 'तास' हा शब्द घ्या. कोऑर्डिनेटरसाठी तास म्हणजे शिफ्टचे तास. रिपोर्ट करणाऱ्यांसाठी ट्रेनिंग आणि प्रवास धरून. व्हॉलंटिअरला वाटतं की घरी बसून फोन केले तेही तासच. 'ॲक्टिव्ह व्हॉलंटिअर' चं तसंच, कुणासाठी गेल्या ९० दिवसांत एकदा तरी आलेला, कुणासाठी फक्त नाव काढून न घेतलेला. हे मॅट्रिक्समध्ये दिसत नाही, कारण कागदावर वाक्यं सारखी दिसतात आणि आपण खुशाल १००० लिहून मोकळे होतो. म्हणून आता आधी शब्दांची यादी करतो, प्रत्येक शब्दाचा अर्थ प्रत्येक गटाकडून वेगवेगळा लिहून घेतो, एकत्र बसवून नाही, कारण एकत्र बसले की पहिला जो बोलतो त्याचाच अर्थ सगळ्यांचा होतो.

पद्धतीच्या अडचणीही सांगतो. जोड्यांची संख्या भयंकर वाढते. आमच्याकडे ६२ रिक्वायरमेंट होत्या, म्हणजे १८९१ जोड्या, आणि दोन संध्याकाळी बसूनसुद्धा पाव भागही झाला नाही, शिवाय थकल्यावर माणूस सरसकट ० टाकत जातो हे तर जास्तच धोक्याचं. मग रिक्वायरमेंट कशाला हात लावते त्यावरून सहा गट केले, शिफ्ट, तास, संपर्क, पडताळणी, मेसेज, रिपोर्ट. जोड्या ३०० च्या आत आल्या. गोपनीयतेसारख्या सगळीकडे लागू होणाऱ्या मागण्या प्रत्येक गटात पुन्हा घेतल्या, नाहीतर त्या कुठल्याच गटात धड तपासल्या जात नाहीत.

दुसरी अडचण मोठी. मॅट्रिक्स फक्त दोन-दोन मागण्या बघतं, तीन मिळून होणारा विरोध त्यात दिसत नाही. आमच्याकडे एक मागणी होती की प्रत्येक शिफ्टला किमान दोन ट्रेनिंग झालेले लोक हवेत. दुसरी, कुणाही व्हॉलंटिअरला आठवड्यात एकापेक्षा जास्त शिफ्ट देऊ नये, लोक दमतात. तिसरी, सातही दिवस सकाळ-संध्याकाळ शिफ्ट चालू राहावी. कुठल्याही दोन घ्या, जमतात. तिन्ही एकत्र घेतल्या तर आठवड्याला १४ शिफ्ट, म्हणजे २८ जागा, आणि ट्रेनिंग झालेले लोक होते १९. हे आम्हाला सॉफ्टवेअर चालू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात कळलं, जेव्हा आपोआप वाटप करणारा भाग रोज रिकाम्या जागा दाखवायला लागला आणि कोऑर्डिनेटरला वाटलं की प्रोग्रॅममध्येच चूक आहे. तेव्हापासून ज्या मागणीत आकडा आहे, किमान, कमाल, किती दिवस, अशा सगळ्या एका वेगळ्या कागदावर काढून खऱ्या संख्येवर हाताने चालवून बघतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरी गोष्ट पद्धतीची चूक नाही, पण सांगायला हवी. तक्त्यात तीच मागणी येते जी कुणीतरी मागितली. आमच्या मीटिंगला व्हॉलंटिअरच नव्हते! मोबाइल नंबरचा प्रश्न त्यामुळे उशिरा आला. कोऑर्डिनेटरला हवं होतं की एका शिफ्टमधल्या सगळ्यांना एकमेकांचे नंबर दिसावेत म्हणजे अदलाबदल सोपी होईल, आणि यावर कुणीच हरकत घेतली नाही, कारण ज्यांचे नंबर होते ते खोलीत नव्हते. नंतर काही जणींशी बोललो तर त्यांनी स्पष्ट सांगितलं, अनोळखी लोकांना नंबर दिसणार असेल तर नाव नोंदवणार नाही. आता अदलाबदल ॲपमधूनच होते आणि नंबर फक्त त्या शिफ्टच्या प्रमुखाला दिसतो, तोही शिफ्टच्या दिवशीच. तेव्हापासून कार्डावर 'कुणी मागितली' च्या खाली मी स्वतः एक रकाना वाढवला, 'कुणाला भोगावं लागेल'. तिथे जे नाव येतं त्या गटातल्या किमान दोघांशी बोलल्याशिवाय कार्ड पक्कं करत नाही.

एक विरोध अजून सुटलेला नाही. व्हॉलंटिअर म्हणतात, आम्ही सोडून गेलो की आमची माहिती पुसा. रिपोर्ट करणारे म्हणतात, हजेरीच्या नोंदी तपासणीसाठी ठेवाव्या लागतात. जीडीपीआर हा युरोपियन युनियनचा वैयक्तिक माहितीबद्दलचा कायदा २०१८ पासून लागू आहे, त्यातही माहिती पुसून मागायचा हक्क आहे आणि कायद्याने नोंद ठेवणं भाग असेल तर त्याला अपवादही आहे, म्हणजे ही ओढाताण फक्त आमच्याकडची नाही. सध्या आम्ही नाव आणि संपर्क पुसतो, आणि तास, तारीख, कामाचा प्रकार एवढं बिननावाने ठेवतो. पण लहान केंद्रावर एका दिवशी एकच माणूस आलेला असतो, तिथे नाव पुसलं तरी तो कोण हे सगळ्यांना कळतंच. मॅट्रिक्समध्ये त्या चौकटीत अजून १ आहे आणि तो मी मुद्दाम लाल ठेवलाय.