स्टेनोफिला बर्बेरिसचं कुंपण: अडीच वर्षं, तीन पंक्चर

काल नवऱ्याच्या सायकलचं तिसरं पंक्चर निघालं. ट्यूबमधून काढलेला काटा चिमट्यात धरून पाहिला, नखाएवढाही नाही. मे महिन्यात छाटलेल्या फांदीचा. ओला असताना हा काटा थोडा तरी वाकतो. वाळला की दाभण.

आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो. पुढच्या अंगणाला भिंत नाही, शनिवारी रात्री येणारे-जाणारे बिअरचे रिकामे कॅन आत भिरकवायचे. लाकडी कुंपणाचा खर्च ऐकून घाम फुटला, म्हणून स्टेनोफिला बर्बेरिस या काटेरी झुडपाच्या ५ कुंड्या आणल्या, १४ पौंडांना एक. उंची-पसारा लेबलवर असतोच, फक्त ते अडीच-तीन मीटर खरे माना. या झाडाचे आईबाप दोघंही दक्षिण अमेरिकेतले, त्यातलं एक डार्विनला १८३५ मध्ये बीगल जहाजाच्या सफरीत चिलीत सापडलेलं. संकर मात्र इथलाच, शेफील्डजवळच्या नर्सरीत १८६० च्या सुमारास झालेला.

कॅन बंद झाले. कोल्हा अजून येतो, खालून.

आता काट्यांबद्दल. फांदीवर तीन टोकांचे काटे असतात हे माहीत होतं. पण पानाच्या टोकालाही काटा असतो! सुईसारखी अरुंद पानं गळून मातीत मिसळतात आणि तण उपटायला बसलं की कापडी हातमोजे काही कामाचे नाहीत. शेवटी चामड्याचे घेतले, १८ पौंड. काउन्सिलच्या हिरव्या कचऱ्याच्या डब्याची वर्षाची फी वेगळी. स्वस्तातलं कुंपण म्हणे.

नर्सरीशी भांडणही झालं. पहिल्या एप्रिलमध्ये ओंजळभर फुलं आली, म्हणून सप्टेंबरात हौसेने कात्री चालवली, चौकोनी, नीटस. पुढच्या एप्रिलला जवळजवळ काहीच नाही. "रोपं बदलून द्या" असा तणतणत मेल केला. उत्तर आलं, फुलं मागच्या वर्षीच्या फांदीवर येतात, तुम्ही तीच कापलीत. बरोबर होतं त्यांचं. एक रोप मेलं, त्याबद्दलही माझ्या पाण्यालाच दोष दिला. ते मी अजून मान्य केलेलं नाही.

इथवर लिहून या झाडाला पाचपैकी दोन स्टार देणार होते. पण यंदाचा एप्रिल आठवला की हात थांबतो. वर्षभर कात्री लावली नव्हती, फांद्या कमानीसारख्या वाकल्या आणि पानं दिसेनात इतकी सोनपिवळी फुलं. उदबत्तीच्या काडीने एका फुलातल्या पुंकेसराला बुडाशी हलकेच टोचलं, तर तो टचकन आत मिटला. मधमाशी शिरली की तिच्या अंगावर पराग फासायची ही युक्ती. मी चहा गार होईपर्यंत फुलं टोचत उभी, शेजारच्या आजी खिडकीतून बघतायत.

मे महिन्यात, फुलं सरल्यावर, छाटणी केली तेव्हा सासूबाई आलेल्या होत्या. जाडसर फांदीची साल त्यांनी विळीने खरवडली. आतून लख्ख पिवळं लाकूड.

"अगं, ही तर दारुहळद!"

अगदी ती नव्हे, ती हिमालयातली. पण कूळ एकच, आणि पिवळेपणा त्याच बर्बेरिन नावाच्या पिवळ्या द्रव्याचा. त्यांच्या लहानपणी डोळे आले की रसांजन, म्हणजे दारुहळदीचा आटवलेला अर्क, घालायचे. चार तुकडे त्यांनी निगुतीने पिशवीत भरले, काढा करू म्हणाल्या. मी करू दिला नाही; नात्यातलं झाड म्हणून औषध तेच असेल असं थोडंच आहे? दोन दिवस अबोला.

तर चार स्टार. पाचवा पंक्चरांनी नेला. आता छाटणीआधी खाली जुनी चादर अंथरते, छाटलेलं सगळं त्यात गुंडाळून डब्यात. सायकल मागच्या दाराने.

मेलेल्या रोपाच्या जागी एक कुंडी परवा आणली. १६ पौंड झालेत आता.