लग्नासाठी एक फोटोग्राफर की दोघे?

समारंभ छोटा, एकाच जागी आणि चार-पाच तासांचा असेल, तर एक अनुभवी फोटोग्राफर पुरतो. खर्च कमी, अडथळा कमी, आणि सगळ्या फोटोंना एकाच नजरेची लय मिळते. मर्यादा मात्र ठळक आहे: वर-वधू वेगवेगळ्या खोल्यांत एकाच वेळी तयार होत असतील, तर एक बाजू सुटणारच. या एकट्या फोटोग्राफरच्या गळ्यात दोन कॅमेरे हवेत, एकावर २४-७० मिमी (जवळून, रुंद दृश्यासाठी) आणि दुसऱ्यावर ७०-२०० मिमी (दुरून टिपण्यासाठी) लेन्स. ऐनवेळी लेन्स बदलताना नेमका क्षण निसटतो. शिवाय एक कॅमेरा बंद पडला तरी काम थांबत नाही.

दोघे असले की एक विधी टिपतो, दुसरा आईवडिलांचे चेहरे. लग्नाचे खरे फोटो बरेचदा या दुसऱ्या कॅमेऱ्यातच सापडतात! पण दोघांनी कॅमेऱ्यांची घड्याळं आधी जुळवली नाहीत, तर वेळेनुसार लावताना फोटोंचा क्रम विस्कटतो. कॅमेरे वेगळ्या कंपनीचे असतील तर त्वचेचा रंगही वेगळा येतो. तो एडिटिंगमध्ये जुळवावा लागतो.

‘दुसरा’ म्हणून फक्त लाइट धरणारा मदतनीस येत नाही ना, हे विचाराच. करारात दोघांची नावं, तास, एडिट केलेल्या फोटोंची किमान संख्या आणि ते मिळण्याची तारीख लिहून घ्या. ग्रुप फोटोंची यादी दोन्ही पर्यायांत तुम्हीच द्यायची. प्रत्येक ग्रुपला साधारण तीन मिनिटं धरा.