पिकअपला २२ इंची अलॉय आणि लो प्रोफाइल टायर: अकरा महिन्यांचा अनुभव

माप आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या मापातूनच निघालं. गाडी डबल कॅब पिकअप. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, सहा नटांचं हब (ज्यावर चाक बसतं तो भाग). शोरूममधून आली तेव्हा १७ इंची अलॉय आणि २६५/६५ आर १७ टायर होते. मी चढवले २२ बाय साडेनऊचे अलॉय आणि त्यावर २७५/४० आर २२. त्यावर गाडी अकरा महिन्यांत चौदा हजार किलोमीटर फिरली. बसवल्यावर आठवडाभरात लिहिलेले गोडगोड अनुभव मीही भरपूर वाचले होते आणि ते वाचूनच हा उद्योग केला. म्हणून मुद्दाम उशिरा लिहितोय.

भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, "किती उंच झाली गाडी?" झालीच नाही. हिशोब करून बघा. टायरची रुंदी २६५ मिलिमीटर, तिचे ६५ टक्के म्हणजे १७२ मिलिमीटर साइडवॉल (टायरची बाजूची भिंत), ती वर एकदा आणि खाली एकदा, मध्ये १७ इंचांची रिम. एकूण व्यास ७७६ मिलिमीटर. नवीन मापात २७५ चे ४० टक्के ११०, दोनदा धरले आणि २२ इंच मिळवले की ७७९. तीन मिलिमीटरचा फरक, आणि गाडी उचलली जाते त्याच्या निम्म्याने. म्हणजे दीड मिलिमीटर. हे माप मी जाणूनबुजून निवडलं, कारण बाहेरचा व्यास बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो आणि स्टेपनी बाकीच्या चाकांशी जुळत नाही. ते दोन्ही वाचलं. पण रिम पाच इंचांनी वाढली ती जागा कुठून तरी घेणारच. ती साइडवॉलमधून घेतली. पूर्वी रिमच्या काठापासून जमिनीपर्यंत माझा पंजा जवळजवळ उभा मावायचा. आता चार बोटं आडवी ठेवली की संपलं.

दिसायचं म्हणाल तर प्रश्नच नाही. गाडी उभी असली तरी पळत असल्यासारखी वाटायची. पहिले पंधरा दिवस मी गाडी लावून दहा पावलं गेलो की वळून बघायचो, हे कबूल करायला लाज वाटत नाही. फक्त एक गोष्ट फोटोत कोणी दाखवत नाही: मोठ्या रिमच्या रुंद फटींतून मागचा मूळ ड्रम ब्रेक दिसतो, आणि तो परातीत वाटी ठेवावी तसा दिसतो. मेव्हण्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "दाजी, ब्रेक पुढच्या महिन्यात येणार आहेत का?"

चालवताना पहिला फरक स्टिअरिंगमध्ये जाणवला, आणि तो चांगला होता. जुन्या उंच टायरवर स्टिअरिंग फिरवलं की आधी टायर बाजूला लवायचा, मग गाडी वळायची. आता हात हलला की नाक वळतं. चांगल्या हायवेवर लेन बदलताना पिकअपचं ते बोटीसारखं डुलणं निम्म्याने कमी झालं. रस्ता गुळगुळीत असेल तर हा सेटअप खरोखर मजा देतो, यात दुमत नाही. पण जुन्या डांबरी रस्त्यावर, जिथे ट्रकच्या चाकांनी चर पडलेले असतात, तिथे तेच रुंद टायर चराच्या मागे धावतात. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं.

आता ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे तो आकडा. दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही, फक्त "बसतं साहेब" म्हणतात. माझी जुनी रिम साडेसात इंच रुंद आणि ऑफसेट ३० होता; नवीन साडेनऊ इंच, ऑफसेट १५. रुंदीचे दोन इंच आत-बाहेर समान वाटले तर प्रत्येक बाजूला साधारण २५ मिलिमीटर. त्यात ऑफसेट १५ ने कमी झाल्यामुळे चाक तेवढं आणखी बाहेर सरकलं. म्हणजे बाहेरची कड ४० मिलिमीटर बाहेर आली आणि आतली १० मिलिमीटर आत गेली. परिणाम असा की फुल लॉक मारून रिव्हर्स घेताना पुढचा टायर मडफ्लॅपला आणि आतल्या प्लॅस्टिकला खर्रकन घासायचा. मडफ्लॅप थोडा कापला, प्लॅस्टिक गरम करून मागे दाबलं, आवाज गेला. पण चाक बाहेर सरकलं की हबच्या बेअरिंगवर वजनाचा तरफेसारखा ताण वाढतो, आणि त्यावर हीटगनचा काही उपाय नाही. शिवाय टायर फेंडरच्या बाहेर डोकावायला लागल्यामुळे चिखल थेट दारांवर. गाडी धुवायचं काम दुप्पट झालं.

८५ ते ९० च्या वेगाला स्टिअरिंगमध्ये थरथर होती. बॅलन्सिंग तीनदा केलं. रिमवर शिशाच्या पट्ट्यांची माळ झाली तरी थरथर तशीच. शेवटी दुसऱ्या एका जुन्या मेकॅनिकने चाक काढून रिमच्या मधल्या भोकात बोट फिरवलं आणि विचारलं, "याची रिंग कुठे आहे?" रिमचं भोक ११० मिलिमीटर, गाडीचं हब १०६. मधली मोकळी जागा भरणारी रिंग बसवलीच नव्हती, त्यामुळे चाक नटांच्या भरवशावर कसंबसं मध्यावर आलेलं. चार रिंगा टाकल्या, चाक हवेत असतानाच नट समोरासमोर थोडे थोडे आवळले, मग खाली टेकवून टॉर्क पान्याने पक्के केले. थरथर गेली. ज्यांनी मूळ फिटिंग केलं त्यांनी इम्पॅक्ट गनने घर्र करून दोन मिनिटांत चारही चाकं बसवली होती. तुम्ही बसवाल तेव्हा शेजारी उभे राहा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

वजन मी घरच्या काट्यावर स्वतः केलं. जुनं चाक टायरसकट साडेअठ्ठावीस किलो. नवीन छत्तीस. टायरच्या वजनात फार फरक नाही. वाढलं ते रिमचं, आणि तेही मध्यापासून दूर, काठाकडे. सिग्नलला निघताना गाडी आळसावल्यासारखी वाटायची ती याचमुळे, कारण फिरणारं वजन जितकं बाहेर तितकं ते फिरवायला आणि थांबवायलाही जड. ब्रेक तेच, डिस्क तीच, चाकं मात्र जड. उतारावर पेडल पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त दाबायची सवय लागली. मायलेज माझ्या नोंदवहीप्रमाणे साडेबारावरून सव्वाअकरावर आलं. रस्ते तेच, चालवणारा तोच.

आणि आता साइडवॉल. टायर बदलण्याआधी मी कधी विचारच केला नव्हता की ती नुसती रबराची भिंत नाही, तो गाडीचा पहिला स्प्रिंग आहे. खड्डा आला की आधी ती दबते, उरलेला धक्का मग शॉकअपकडे आणि पाट्यांकडे जातो. पिकअपचे पाटे भरलेल्या हौद्यासाठी ताठ बनवलेले असतात, त्यामुळे रिकाम्या गाडीत बरंचसं काम ही साइडवॉलच करते. तीच ६२ मिलिमीटरने कमी केल्यावर रिकामी गाडी मागून उड्या मारायला लागली. बाबा एकदाच मागच्या सीटवर बसले. उतरताना कमरेवर हात ठेवून म्हणाले, "यापेक्षा हौद्यात बसलो असतो तरी चाललं असतं रे." त्यानंतर ते पुढेच बसतात.

पाचव्या महिन्यात रात्री, पाण्याने भरलेला एक खड्डा दिसलाच नाही. वेग पन्नासच्या आत होता. आवाज टायरचा नव्हता, घणाने लोखंडावर मारल्यासारखा होता. थांबून मोबाइलच्या उजेडात पाहिलं, हवा शाबूत होती, म्हणून तसाच घरी आलो. सकाळी टायरवाल्याने चाक फिरवून दाखवलं. बाहेरच्या बाजूला अंड्याएवढा फुगा. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात साइडवॉल चिमटली गेली आणि आतले धागे तुटले. वरचं रबर तेवढं हवा धरून होतं. असा फुगा दुरुस्त होत नाही, पॅच नाही, काही नाही. टायर भंगारात. आणि टायर काढल्यावर दिसलं की रिमची आतली कडही चपटी झाली आहे. ती सरळ करून घेतली, पण ते चाक पुढे ठेवायचा धीर झाला नाही, मागे टाकलं. तोच खड्डा जुन्या १७ इंचीवर असता तर मी फक्त शिवी दिली असती.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि मी सगळ्यात उशिरा शिकलेलं: लोड इंडेक्स. टायरवर मापाच्या शेवटी जो आकडा असतो तो. जुन्या टायरवर ११२ होता, म्हणजे एका टायरला ११२० किलो. नवीनवर १०८, म्हणजे १००० किलो. मागच्या एक्सलची क्षमता बसल्या जागी २४० किलोने कमी झाली. माझ्या गाडीच्या मागच्या एक्सलची मर्यादा त्यापेक्षा खाली आहे म्हणून कागदावर चालतं. पण हे टायर एक्सएल प्रकारचे (जास्त हवा भरून जास्त भार उचलणारे), आणि त्यांचे १००० किलो ४२ पीएसआय हवेला मोजलेले असतात. मी दारावरच्या स्टिकरप्रमाणे ३२ भरत होतो. तो स्टिकर जुन्या टायरसाठी आहे हे डोक्यातच आलं नाही! ३२ ला हाच टायर जेमतेम ८०० किलोच्या आसपास उचलतो. अशा हवेवर मी एकदा फरशीचे खोके भरून साठ किलोमीटर आलो. उतरवताना टायरला हात लावला तर चटका बसत होता. त्यानंतर माल असला की मागे ४२, रिकामी असली की ३८. त्याखाली कधीच नाही, आणि त्या हवेला आधीच दगड असलेला टायर आणखी दगड होतो, हेही आलंच. रिम घेतानाही आतल्या बाजूला कोरलेला कमाल भार वाचा. दिसायला सारखी असलेली कारसाठीची आणि पिकअपसाठीची रिम वेगळी असते. जेडब्ल्यूएल हा अलॉय चाकांच्या जपानी मानकाचा शिक्का कारच्या चाकाचा, ट्रकच्या चाकासाठी जेडब्ल्यूएल-टी असतो. नुसतं सहा नटांचं भोक जुळलं म्हणून घेऊ नका.

स्टेपनीचा किस्सा थोडक्यात. मी स्टेपनी जुनीच १७ इंची ठेवली, व्यास जवळजवळ तोच असल्यामुळे ती चालते. पण नवीन रिमची नटाची भोकं अरुंद, म्हणून त्यासोबत बारीक खाचांचे नट आले होते. त्यांना गाडीतला व्हील पाना लागत नाही, एक छोटी वेगळी चावी लागते. पंक्चर झालं तेव्हा स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. चावी घरी ड्रॉवरमध्ये. मेव्हणा ती घेऊन येईपर्यंत दोन तास रस्त्याच्या कडेला डासांना खाऊ घालत बसलो. आता ती डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. आणि जुने नट फेकू नका. माझ्या जुन्या अलॉयचे नट सपाट वॉशरचे, नवीन अलॉयचे निमुळत्या बुडाचे. एकाचे दुसऱ्याला लावले तर आवळल्यासारखे वाटतात आणि सैल होतात.

कच्च्या रस्त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण मी तिकडे जाणंच सोडलं. जुन्या टायरची हवा कमी करून वाळूतून आरामात निघायचो. इथे हवा कमी केली तर टायरला पसरायला जागाच नाही, पहिला दगड थेट रिमवर. ओल्या गवताच्या सपाट मैदानात एकदा फोर व्हील लावूनही गाडी जागच्या जागी फिरली, आणि ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढताना रिमकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी विसरलेलो नाही.

कोणी विचारलंच तर माझं मत असं: पिकअप फक्त शहरात आणि चांगल्या हायवेवर चालवत असाल, हौदा रिकामाच असेल, तर २० इंचांवर थांबा. २६५/५० आर २० चा व्यासही ७७३ येतो, आणि १३२ मिलिमीटर साइडवॉल उरते. दिसण्यात दोन इंचांचा फरक तुमच्याशिवाय फारसा कोणाला कळत नाही, खड्ड्याला मात्र कळतो. माल वाहत असाल तर लोड इंडेक्स मूळ आकड्याच्या खाली जाऊच देऊ नका, मग रिम कुठलीही असो. आणि काहीही बसवण्याआधी तुमच्याकडचे नियम पाहा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मी कळवलं होतं, तेवढी एक गोष्ट वेळेत केली.

तीन आठवड्यांपूर्वी जुने १७ इंची परत चढवले. पहिल्याच स्पीडब्रेकरला इतकं मऊ वाटलं की हवा गेली की काय म्हणून उतरून बघितलं. २२ चा संच शेडमध्ये एकावर एक रचून ठेवला आहे. मेव्हणा विकून टाका म्हणतो. गेल्या रविवारी फोटो काढून जाहिरात टाकायची म्हणून ते बाहेर काढले, कपडा घेऊन एकेक आरा पुसत अर्धा तास बसलो, आणि फोटो न काढताच परत झाकून ठेवले.