एकाच नावाची माणसं : शनिवारवाडा ते लक्ष्मी रोड वॉकचा रिव्ह्यू

माझ्या मुलीचं नाव आनंदी. बारशाला आत्यानं कानात नाव सांगितलं आणि मागनं एक काकू लगेच बोलल्याच, अगं आनंदी काय, ती ध चा मा करणारी का? मी तेव्हा काही बोलले नाही पण ते डोक्यात राहिलं ते राहिलंच. नाव मी डॉक्टर आनंदीबाई जोशींवरून ठेवलेलं. आता पोरगी अकरा वर्षांची आहे आणि मागच्या महिन्यात शाळेत कुणीतरी तिला अगदी तेच ऐकवलं, घरी आली ती डोळे पुसतच. त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या वॉकचा मेसेज आला आणि त्यात लिहिलं होतं की इतिहासात एकाच नावाची जी वेगवेगळी माणसं होऊन गेली त्यांच्यावर सगळा वॉक आहे, तेव्हा मी जास्त विचार न करता दोघींचं बुकिंग करून टाकलं.

आधी कामाचं सांगते. मोठ्यांना 450 रुपये, मुलांना निम्मे, पैसे युपीआयने. रविवारी सकाळी पावणेसातला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी जमायचं, लक्ष्मी रोडला संपतं, आम्हाला साडेनऊ झाले. गाडी आणू नका, रिक्षा किंवा बस बरी, परत येताना चालत मागे यायला लागत नाही. पाणी स्वतःचं न्या. वाटेत टॉयलेटची काही सोय नाही आणि हे आधी सांगितलेलं नव्हतं, लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळी असतील तर हे लक्षात घ्याच. माणसं पस्तीस होती, माझ्या मते वीसच्या वर घ्यायलाच नकोत, कारण माईक नव्हता आणि मागच्यांना निम्मं ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघी गाईड ताईंना चिकटून चाललो म्हणून आम्हाला सगळं मिळालं.

सुरुवात बाजीरावांपासून. पुतळ्याकडे बोट करून ताईंनी विचारलं हे कोणते, सगळे म्हणाले बाजीराव, मग त्या म्हणाल्या हो पण कितवे? पहिले 1700 साली जन्मले, शनिवारवाड्याची पायाभरणी त्यांनी 1730 मध्ये केली, 1740 ला रावेरखेडीला गेले, चाळिशीसुद्धा पूर्ण नाही. दुसरा 1775 चा, राघोबादादांचा मुलगा, म्हणजे पहिल्यांचा सख्खा नातू, आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धतच. त्यानं 1818 ला इंग्रजांपुढं हत्यार खाली ठेवलं आणि पुढची तेहतीस वर्षं बिठूरला पेन्शनवर काढली. इथं ताईंनी एक गोष्ट दाखवली ती मला फार पटली. आपण बोलताना थोरले बाजीराव 'गेले', 'लढले', 'आले' म्हणतो आणि दुसरा बाजीराव 'पळाला', 'राहिला' म्हणतो. नाव एकच, मान क्रियापदात. मी वर लिहितानाही तेच केलंय बघा, आपोआप झालं. एका काकांना हे आवडलं नाही, ते म्हणाले पळाला त्याला पळालाच म्हणणार, त्यावर ताई म्हणाल्या काका म्हणा की, फक्त आपण म्हणतोय हे माहीत असू दे.

मग नाना. हा भाग जरा पटापट झाला पण चांगला झाला, कारण खरा गोंधळ इथंच होतो. नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव, पानिपतानंतर 1761 ला पर्वतीवर वारले. 1857 चे नानासाहेब ते वेगळे, त्यांचं नाव धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावानं 1827 ला दत्तक घेतलेले. आणि नाना फडणवीस तिसरेच, बाळाजी जनार्दन भानू, नाना पेठ त्यांच्या नावाची. म्हणजे पहिले नाना पण बाळाजी आणि फडणवीस पण बाळाजी, आणि पहिल्या नानांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ. एकानं विचारलं की पानिपतचे नाना आणि सत्तावनचे नाना बापलेक का, आणि मला वाटतं निम्म्या लोकांच्या मनात तोच प्रश्न होता, कुणी विचारला नव्हता एवढंच. दोघांत जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे.

लाल महालापाशी शाहू महाराजांचं आलं. साताऱ्याचे शाहू, ज्यांनी 1720 ला बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं दिली, आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू, ज्यांनी 1902 ला मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. यात मला नवीन कळलं ते हे की दोघांचंही जन्माचं नाव शाहू नव्हतं. साताऱ्याच्या महाराजांचं नाव शिवाजी, आजोबांवरून ठेवलेलं, आणि राजर्षी हे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, 1884 ला दत्तक गेल्यावर शाहू झाले. मी इतकी वर्षं पुण्यात राहते, शाहू शाहू म्हणते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता ज्यासाठी मी गेले होते ते. खरं तर नारायण दरवाजा सुरुवातीलाच झाला होता, वाड्याच्या मागच्या बाजूला, पण मी मुद्दाम शेवटी लिहितेय. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणरावांचा खून झाला, वय अवघं अठरा. ध चा मा ची गोष्ट अशी सांगतात की पत्रात नारायणरावास धरावे लिहिलं होतं आणि आनंदीबाईंनी एक अक्षर फिरवून मारावे केलं. ताईंनी गोष्ट सांगितली आणि मग शांतपणे म्हणाल्या की रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोषी ठरवलं ते राघोबादादांना. नवऱ्याचा गुन्हा न्यायाधीशानं तोंडावर सांगितला आणि तरी अडीचशे वर्षं शाळाशाळांतून बदनाम झालं ते बायकोचं नाव. आणि ताईंच्या बोलण्यात आनंदीबाई पेशव्यांसाठी सगळीकडे 'त्या' होतं. एकदाही 'ती' नाही. माझ्या लेकीनं हे बरोबर पकडलं, माझा हात ओढून म्हणाली, आई या त्यांना त्या म्हणतायत.

तिथंच उभं राहून दुसऱ्या आनंदीबाई सांगायला हव्या होत्या. सांगितल्या नाहीत, त्या ठेवल्या शेवटी लक्ष्मी रोडला, आणि तोपर्यंत नऊ वाजून गेलेले, रहदारी सुरू, फूटपाथवर दाटीवाटीनं उभे आम्ही, निम्मे लोक नाश्त्याला सटकलेले. सगळ्या सकाळीतला सगळ्यात मोलाचा भाग वीस मिनिटांत उरकला. याचा मला खरंच राग आला आणि मी फीडबॅक फॉर्ममध्ये तसं लिहिलंय.

पण त्या वीस मिनिटांत काय काय होतं! डॉक्टर आनंदीबाई जोशी, 1865 चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं ते दहा दिवसांत गेलं, आणि तिथून ही मुलगी अमेरिकेला जाऊन 11 मार्च 1886 ला डॉक्टर झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत इथं पुण्यातच गेली, बावीस पूर्ण व्हायच्या आत. पदवीच्या समारंभाला पंडिता रमाबाई अमेरिकेत हजर होत्या. त्याच रमाबाईंचं शारदा सदन पुढं 1890 मध्ये पुण्यात आलं आणि तिथं शिकत होत्या गोदूबाई, लहानपणीच विधवा झालेल्या. त्यांच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं आणि लग्नात त्यांचं नाव ठेवलं आनंदी. म्हणजे बाया कर्वे, या तिसऱ्या आनंदीबाई. लग्नाची तारीख 11 मार्च 1893. मी घरी येऊन दोन्ही तारखा परत परत ताडून पाहिल्या, डॉक्टरांच्या पदवीनंतर बरोबर सात वर्षांनी तोच दिवस. ताईंनी हे सांगितलं नाही, त्यांनी सांगायला पाहिजे.

रमाबाई तर त्याहून जास्त. थोरल्या माधवरावांच्या रमाबाई, 1772 ला थेऊरला सती गेल्या. पंडिता रमाबाई 1882 ला पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला, आणि त्यांच्या सभांना जाणाऱ्या, त्यासाठी घरच्या बायकांची बोलणी खाणाऱ्या रमाबाई रानडे, पुढं 1909 ला पुण्यात सेवासदन उभं केलं ते यांनी. एकाच शहरात एकाच वेळी दोन रमाबाई आणि दोघींनी मुलींच्या शिक्षणासाठी जन्म घालवला, आणि आपण परीक्षेत एकीचं काम दुसरीच्या नावावर लिहून येतो. पुरुषांना पहिले, दुसरे, थोरले, सवाई असं काही ना काही मिळालं. बायकांना नुसतं नवऱ्याचं आडनाव, आणि तेही बोलताना गळतं.

आणि एक गोष्ट, हिच्यासाठी मी चारशे काय हजारही दिले असते. रमाबाई रानड्यांचं माहेरचं नाव यमुना. डॉक्टर आनंदीबाईंचं माहेरचं नाव पण यमुना. दोन यमुना, लग्नात एक रमा झाली आणि एक आनंदी.

घरी आल्यावर लेकीनं हे सगळं एका दमात आजीला सांगितलं. माझ्या सासूबाई तशा कमी बोलतात. त्यांनी ऐकून घेतलं, हातातली भाजी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, माझं नाव सिंधू होतं गं, इथं आल्यावर मंगल झालं. लग्नाला माझ्या पंधरा वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. लेक तर बघतच राहिली.

पाचपैकी चार देते. एक कापला तो माईक, गर्दी आणि शेवटच्या घाईसाठी. आयोजकांना विनंती, बायकांचा भाग वेगळा वॉक करा, दोन तास पुरणार नाहीत इतकं आहे त्यात, आणि नारायण दरवाज्यापाशीच तिन्ही आनंदीबाई सांगा, लक्ष्मी रोडची वाट बघू नका. गाईड ताईंना मात्र पैकीच्या पैकी, पाठ केलेलं बोलत नाहीत, लहान मुलांच्या प्रश्नाला खाली वाकून उत्तर देतात.

पुढच्या महिन्यातली बॅच सासूबाईंसाठी बुक केलीय, चालायचं जमेल म्हणाल्या, मी आणि लेक बरोबर असूच. फॉर्म भरताना मी विचारलं, आई नाव काय टाकू. म्हणाल्या, सिंधू टाक.