घाणेरीसाठी लहान टिकाव: पैसे वसूल, दांडा मात्र बदलून घ्या

नाशिकची पांडवलेणी असो की चामरलेणी, टेकडीवर श्रमदानाला जाताना आधी कोयता आठवतो. कोयत्याने घाणेरी (लँटाना, बाहेरून येऊन उतारभर माजलेलं काटेरी झुडूप) छाटली की दुपारपर्यंत उतार मोकळा दिसतो, आणि पुढच्या पावसात तेच झुडूप दुप्पट दाट होतं. फुटवे येतात ते खोड आणि मुळाच्या सांध्यातून. हा सांधा मातीच्या जरा खाली असतो, तिथे कोयता पोचत नाही. टिकाव पोचतो.

हार्डवेअरच्या दुकानात बांधकामावरचा जड टिकाव पुढे करतात. तो नको, तासाभरात खांदे भरून येतात. दीड-दोन किलोचं पातं आणि अडीच ते तीन फुटी दांडा पुरे. एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं हवं. खरं काम चपट्या बाजूचं.

आधी काठीने झुडूप झोडपा. आत साप असू शकतो, घरटंही असू शकतं. घरटं दिसलं तर ते झुडूप सोडा. मग फांद्या छाटून फूटभर खोड धरायला ठेवा. बुंध्यालगत तिरपा घाव घालून मुख्य मूळ दोन-तीन इंच खाली तोडा, खोड पिळून उपटा आणि मुळं वर करून ठेवा. ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते, म्हणून छाटलेल्या फांद्याही जमिनीवर पसरू नका. भोवती ऐसपैस खणायची हौस आवरा: मोकळ्या मातीत घाणेरीचंच बी आधी रुजतं. खड्डा बुजवून पायाने दाबला की झालं.

आता तक्रारी. दुकानातला दांडा बहुधा कच्च्या लाकडाचा असतो. तो वाळला की पातं हलायला लागतं. बाभळीचा दांडा बसवून घट्ट पाचर मारून घ्या. पात्याला पाणी (लोखंड तापवून विझवून आणलेला कडकपणा) नीट दिलेलं नसेल तर आपल्या काळ्या दगडावर धार वळते, फार कडक असेल तर टवका उडतो. वळलेली धार कानशीने सरळ होते, टवक्यासाठी लोहार गाठावा लागतो. सुती हातमोजे काट्यांपुढे टिकत नाहीत, वेल्डिंगवाल्यांचे चामडी घ्या.

मनगटापेक्षा जाड बुंध्याला टिकाव एकटा पुरत नाही, पहार आणि दोन माणसं लागतात. सुबाभळीची दोन-तीन फुटी रोपं ओल्या जमिनीतून हातानेच निघतात. गाजर गवताला तर खुरपंच बरं, तेही फुलं येण्याआधी. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि उघड्या हातांना खाज सुटते ती वेगळीच.

दोन चांगले पाऊस झाल्यावर माती सुटते, तेव्हा हे अवजार सर्वांत चांगलं चालतं. उन्हाळ्यात मुरुमावर नुसत्या ठिणग्या. वनजमिनीवर मात्र वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ते पिशवीतून काढूही नका. फुलपाखरांचे फोटो काढणारे घाणेरी गेल्यावर हळहळतात, त्याला इलाज नाही. पाऊस सरल्यावर झाडांखाली पुन्हा फेरी मारा: बुलबुल फळं खाऊन तिथेच बी टाकतात, आणि बोटभर रोपाला टिकाव लागतच नाही.