आस्टाचं सदस्यत्व भुसावळात बसून: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्वरलिप्यांचा साठा मिळेल म्हणून कोणी अमेरिकन स्ट्रिंग टीचर्स असोसिएशनचं (म्हणजेच आस्टाचं, अमेरिकेतल्या तारवाद्य-शिक्षकांच्या संघटनेचं) सदस्यत्व घ्यायच्या विचारात असेल, तर थोडं थांबा. स्वरलिप्या विकणारी दुकानं वेगळी आहेत. पण दहा-बारा पोरांना एका खोलीत, एकाच वेळी, वेगवेगळ्या आकाराची तारवाद्यं शिकवायची असतील आणि आजवर तुम्ही एकेकाला समोर बसवूनच शिकवत आला असाल, तर हा पैसा वाया जात नाही. गेल्या पावसाळ्यापासून मी सदस्य आहे. मधे दिवाळी गेली, भरताच्या पार्ट्या गेल्या, लग्नसराई गेली आणि भुसावळचा मे महिनाही गेला. आता बोलायला हरकत नाही.

माझी बाजू आधी सांगतो. मी मुळात हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन वाजवतो: मांडी घालून, वाद्याचं डोकं पायावर टेकवून, तारा सा-प-सा-प लावून. गेली काही वर्षं रेल्वे कॉलनीतली आणि गावातली पोरं माझ्याकडे येतात. त्यातली निम्मी लग्नाच्या बँडवाल्यांच्या घरची. त्यांना एकेकट्याने रियाज करायचा भारी कंटाळा, पण चौघं एकत्र बसली की तास-तास हलत नाहीत. घरात बाप क्लॅरिनेट धरतो, काका युफोनियम, तिसरा ढोल. समूहात वाजवणं हे त्यांना शिकवावं लागत नाही. मग त्यांचा छोटा वाद्यवृंदच का करू नये, असं डोक्यात आलं आणि शोधता शोधता आस्टापर्यंत पोचलो.

संघटना जुनी आहे, १९४६ ची. नावात शिक्षक असले तरी शाळांच्या ऑर्केस्ट्रांचं कामही तिच्याकडेच आहे, कारण शालेय ऑर्केस्ट्रांची जी वेगळी राष्ट्रीय संघटना होती ती १९९८ मध्ये हिच्यात विलीन झाली. वार्षिक परिषद होते, तिला जोडून देशभरातल्या शाळांच्या आणि युवा ऑर्केस्ट्रांचा महोत्सव होतो. तिथे परीक्षक समोर बसून ऐकतात आणि प्रत्येक गटाला शेरे देतात. ‘अमेरिकन स्ट्रिंग टीचर’ नावाचं त्रैमासिक आहे. वर्गणी डॉलरमध्ये, कार्डाने भरायची. ऑनलाइन व्याख्यानं अमेरिकेच्या संध्याकाळी असली, तर न्यूयॉर्कचे आठ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात सकाळचे साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेपाच. दूधवाला येण्याच्या वेळेला सेलोच्या अंगठ्यावर चर्चा ऐकायची सवय करावी लागते.

आता मुद्द्याचं. सगळ्यात जास्त वापर झाला तो त्यांच्या अभ्यासक्रमाचा. पुस्तक वेगळं विकत घ्यावं लागतं. त्यात गाणी नाहीत. आहे ती शिकवण्याची उतरंड: शरीराची ठेवण, डावा हात, उजवा हात, कान, ताल, आणि यातलं कुठलं कशानंतर. आपल्याकडे गुरूच्या डोक्यात हा क्रम असतो आणि शिष्यागणिक बदलतो. ते एकास-एक शिकवणीत उत्तम चालतं. पण बारा पोरांत प्रत्येकाचा क्रम वेगळा ठेवला की एक वाजवतो आणि अकरा खिडकीबाहेर बघतात.

पहिलाच धक्का पट्टीचा. मी प्रत्येकाच्या गळ्याप्रमाणे सा लावून द्यायचो. समूहात ते चालत नाही, हे उघड आहे. मग पट्टी कुठली? तिकडे नवशिक्यांचे वर्ग बहुतेक पांढरी दोनमध्ये, म्हणजे डी या पट्टीत सुरू होतात आणि त्याचं कारण कळलं तेव्हा मजा वाटली. व्हायोलिनच्या तारा जी-डी-ए-ई. व्हायोला आणि सेलो या तिच्या मोठ्या भावंडांच्या सी-जी-डी-ए. सगळ्यात थोरल्या डबल बासच्या ई-ए-डी-जी. म्हणजे जी, डी आणि ए या तीन तारा चारही वाद्यांत मोकळ्या सापडतात. त्यातही व्हायोलिनवर पांढरी दोनचा सा म्हणजे मोकळी डी. तिच्यावर सा-रे-ग-म वाजवताना बोटं जशी पडतात, तशीच शेजारच्या ए तारेवर प-ध-नी-सा वाजवताना पडतात. पोराने एक ठसा शिकला की अख्खं सप्तक हातात. हार्मोनियमवर काळी एक, काळी दोन करत बसणाऱ्या मला हे कधी सुचलं नव्हतं, कारण सा-प-सा-प लावलं की असा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी गोष्ट पॉल रोलंड. हे हंगेरीत जन्मलेले शिक्षक आस्टाच्या संस्थापकांपैकी आणि तिच्या नियतकालिकाचे पहिले संपादक. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इलिनॉय विद्यापीठात त्यांनी मुलांना शिकवण्याचा एक मोठा प्रकल्प चालवला आणि त्याचं चित्रीकरण केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आधी मोठी हालचाल, मग बारीक. पोराने बोट नेमकं ठेवण्याआधी डावा हात वाद्याच्या अख्ख्या गळ्यावर खालून वर, वरून खाली सरकवावा, तार डाव्या हाताने छेडावी, म्हणजे अंगठा आवळत नाही. वाद्य हातात घेऊन स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासारखं उंच धरायचं आणि मग खांद्यावर उतरवायचं. आमच्याकडे त्या पुतळ्याचं कोणाला काय पडलंय. पोरांनी त्याला ‘दहीहंडी’ नाव दिलं आणि तेच रूढ झालं. अंगठा आवळणं हा नवशिक्यांचा सगळ्यात हट्टी दोष. या सरकवण्याच्या खेळाने तो माझ्या वर्गात खरोखर कमी झाला, आणि यासाठी मी वर्गणी दुप्पट भरली असती.

गजाचंही तसंच. मी पूर्ण गज ओढायला लावायचो. इथे सुरुवात गजाच्या मधल्या भागात, आखूड फटक्यांनी. आवाज लगेच बरा येतो आणि शेजारी तक्रारीला येत नाहीत.

मांडी घालून वाजवायचं की खुर्चीवर, हा वाद मात्र मी मिटवलेला नाही. वाद्यवृंदात खुर्ची, आणि रागदारी शिकणाऱ्यांना सतरंजी. दोन्ही येणारी पोरं आहेत, त्यांची तब्येत बरी आहे.

आता उन्हाळा. तारवाद्याला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते, असं सगळीकडे सांगतात. तिकडचे सगळे इशारे हिवाळ्यातले आहेत: घरं तापवली की हवा कोरडी पडते, लाकूड आक्रसतं, खुंट्या सुटतात, सेलो तडकतो. मी ते जानेवारीत वाचलं आणि बाजूला ठेवलं, कारण जानेवारीत आमच्याकडे वाद्यं सुखात असतात. मग एप्रिल लागला, पारा ४४-४५ ला टेकला, आणि ती सगळी पानं जशीच्या तशी उपयोगी पडली. फक्त हीटरच्या जागी लू वाचायची. रोज सकाळी खुंट्या सैल, तारा लोंबलेल्या, घोडी पुढे कललेली. एका बाराशे-पंधराशेच्या टप्प्यातल्या व्हायोलिनची पाठ चिरली. का चिरली हे कळण्यासारखं आहे. चांगल्या वाद्याचे सांधे जनावरी सरसाने जोडतात. लाकूड आक्रसलं की सरस सुटतो, सांधा उघडतो, कारागीर पुन्हा चिकटवून देतो. स्वस्तातल्या वाद्याला पक्का रासायनिक गोंद असतो, तो सुटत नाही, मग लाकूड फाटतं. तेव्हा ‘सांधा सुटला’ म्हणून पालक घाबरून आले तर त्यांना चहा पाजा, ती बातमी वाईट नाही.

उपाय आमच्याच घरात होता. कूलर! एसीच्या खोलीत हवा अजून कोरडी होते, पण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तिच्यात पाणीच सोडतो. थेट झोतात वाद्य ठेवायचं नाही, पलीकडच्या भिंतीशी पेटीत ठेवायचं, आणि ऑनलाइन दोन-तीनशेला मिळणारा आर्द्रता दाखवणारा काटा पेटीत टाकायचा. दुपारी बाहेर २० च्या खाली गेलेला काटा कूलरच्या खोलीत पन्नाशीत असतो. वाद्य दुपारी गाडीत ठेवायचं नाही हे तर सांगायलाच नको. बंद गाडीतल्या उष्णतेत सरस मऊ होतो. श्रावणात उलट त्रास, खुंट्या फुगून अडकतात. तेव्हा जोर लावू नका, खुंटी मोडते. बाहेर काढून साबण-खडू घासला की फिरते.

ज्या कामाला मी सदस्यत्वाची खरी किंमत मोजतो, ते हे. तिकडे प्रत्येक रचनेला काठिण्याची श्रेणी असते. श्रेणी ठरते ती साध्या गोष्टींवर: स्वर किती पट्ट्यात आहेत, किती वेळा तार बदलावी लागते, हात जागचा हलतो का, ताल किती गुंतागुंतीचा, पट्टी कुठली. ही मोजपट्टी मी आमच्या चालींना लावली. कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, लग्नातली हळदीची गाणी. यातल्या कितीतरी चाली चार-पाच स्वरांतच फिरतात! म्हणजे डी तारेवरच्या एका ठशात बसतात, तार फार तर एकदा बदलते. परदेशी बालगीतं शिकवायला मला दर तासाला चाल गाऊन दाखवावी लागायची. कानबाईचं गाणं पोरांच्या कानात आधीच असतं, त्यामुळे सगळं लक्ष बोटांवर राहतं. उलट बँडवर गाजणारी अहिराणी गाणी ऐकायला सोपी वाटतात, पण गज टाकायला अवघड निघाली. ठेका उडता असतो आणि चाल मधेच वरच्या सप्तकात झेप घेते. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवली.

सेलोला चाल देत नाही, तो नुसता सा आणि प धरून बसतो. मोबाइलवर पांढरी दोनचा तानपुरा लावलेला असतोच. हल्ली तिकडचे शिक्षकही सूर पक्का करायला असाच अखंड लावलेला सूर वापरतात. आपण मात्र तानपुरा कोपऱ्यात ठेवून ट्यूनरच्या हिरव्या दिव्याकडे बघतो, हे जाता जाता.

बँडवाल्यांना आत घ्यायचं ठरवलं तेव्हा मात्र खरी कसरत झाली. फुंकवाद्यं आल्याशिवाय सिम्फनी होत नाही, आणि घरात क्लॅरिनेट असताना ते बाहेर का शोधायचे? पण क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ‘बी फ्लॅट’ची. त्यांनी आपला साधा सा वाजवला की ऐकू येते काळी पाच. आमच्या पांढरी दोनला जुळवून घ्यायचं तर त्यांना चार शार्पच्या पट्टीत वाजवावं लागतं (शार्प म्हणजे अर्ध्या सुराने चढवलेला स्वर, फ्लॅट म्हणजे उतरवलेला). बँडमास्तर म्हणाले, “सर, पोट्ट्यासले पांढरी दोन नको, बोटं मोडतीन.” तारवाद्यांना शार्प सोयीचे, फुंकवाद्यांना फ्लॅट, शाळांच्या पूर्ण ऑर्केस्ट्रांना जगभर हाच पेच पडतो आणि तडजोडही ठरलेली आहे. पांढरी चार, म्हणजे एफ. तारवाद्यांना एकच फ्लॅट, क्लॅरिनेटला एकच शार्प. व्हायोलिनची पोरं जरा कुरकुरली, कारण दुसरं बोट खाली ओढावं लागतं. आठवड्याभरात विसरली.

जुळत नाही ते काय? बराचसा मजकूर गृहीत धरतो की ऑर्केस्ट्रा हा शाळेच्या वेळापत्रकातला तास आहे, खोली आहे, वाद्यं शाळेची आहेत. ते तिकडचं वास्तव आहे, त्यांनी तसंच लिहायला हवं. आमच्याकडे पालक विचारतात, “हाई शिकीसन काय व्हई, सर?” आणि लगेच दहावीच्या वाढीव गुणांचं विचारतात. ते गुण शास्त्रीय कलेच्या मान्यताप्राप्त परीक्षांना मिळतात, म्हणून ज्यांना हवेत त्यांना मी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनाच बसवतो. पाश्चात्त्य पद्धतीची परीक्षा हवी असेल तर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम आहेतच, दोन्ही भारतात चालतात. आस्टाकडेही पायरीपायरीची परीक्षा आहे, पण आपल्या पोरांनी तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आणि ऐकण्याची भूक कागदाने भागत नाही. पोरांनी अख्खा वाद्यवृंद समोर बसून एकदा तरी ऐकायला हवा. त्यासाठी मुंबई. एनसीपीए या तिथल्या कलाकेंद्रातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी दादर.

कोणी घ्यावं? धुळे, नंदुरबार, चाळीसगावकडे जे एकटे शिकवतात आणि गट करायच्या विचारात आहेत त्यांनी जरूर. नुसतं स्वतः वाजवायला शिकणाऱ्याने नको, त्याला गुरू हवा.

सुरू करणाऱ्यांसाठी वाद्यांचं शेवटी. पोराचा हात सरळ लांब करून वाद्याचं डोकं तळहातात नीट मावतं का बघा. ताणून धरावं लागलं तर एक माप कमी घ्या. ‘वाढत्या अंगाचा’ शर्ट घेतो तसं व्हायोलिन घेऊ नका. लहान मापाचा व्हायोला शोधत फिरू नका. त्याच मापाच्या व्हायोलिनला व्हायोलाच्या तारा चढवा, तिकडेही लहान मुलांसाठी हीच युक्ती करतात. डबल बासचा नाद सध्या सोडा. सेलो मात्र एक तरी घ्या, जुना चालेल. आमचा मुंबईहून रेल्वेने आला, वरच्या बर्थवर पांघरूण घालून, आणि टीसीने त्याचं तिकीट मागितलं ते आम्ही हसण्यावारी नेलं. तार बदलताना चारही एकदम काढू नका, आतला खांब पडतो आणि तो उभा करणारा कारागीर भुसावळात नाही.