वाटा तीन, गुडघे दोन: आई-बाबांना थायलंडमध्ये काय दाखवायचं, काय सोडायचं

थाई भाषेत देवळाला 'वाट' म्हणतात. नोकरीसाठी बँकॉकला राहणारी मुलं पुण्या-नाशकाहून आलेल्या आई-बाबांना पहिल्याच दिवशी राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण अशी तिन्ही ठिकाणं दाखवून आणतात, कारण नकाशावर ती हाकेच्या अंतरावर दिसतात. संध्याकाळी गुडघ्यांची जी वाट लागते, ती निस्तरण्यात पुढचे दोन दिवस जातात.

खाली ठिकाणं जोडीजोडीने घेतली आहेत, हे की ते, अशी. गृहीत धरलं आहे की पाहुणे पासष्ट-पंचाहत्तरीचे आहेत, काठीशिवाय चालतात, पण गुडघे कुरकुरतात, आणि बहुधा शाकाहारी आहेत. सुंदर तर सगळीच ठिकाणं आहेत, त्यामुळे त्यावरून निवड होत नाही. तीन गोष्टी बघायच्या: उतरायच्या पायऱ्या किती, सावली किती आणि टेकायला जागा कुठे. चढताना धाप लागते, पण गुडघा दुखतो तो उतरताना. बँकॉकच्या स्कायट्रेनच्या अनेक स्थानकांवर वर जायला सरकता जिना असतो आणि खाली यायला साध्या पायऱ्या. लिफ्ट असते, पण ती एखाद्याच दाराजवळ, म्हणून ती कुठे आहे हे आधी बघून ठेवावं. भुयारी मेट्रो या बाबतीत जास्त सोयीची.

राजवाडा की वाट फो?

दोन्ही करायचे असतील तर वेगवेगळ्या दिवशी. एकच करायचा असेल तर निर्णय आई-बाबांना रामायणाची किती ओढ आहे यावर घ्या.

राजवाडा 1782 साली थाई राजा पहिला राम याच्या कारकिर्दीत उभा राहायला लागला. परदेशी माणसाला तिकीट 500 बाथ, दार उघडतं साडेआठला आणि तिकीटविक्री दुपारी साडेतीनला थांबते. त्याच आवारात पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटर उंच, उंच सिंहासनावर, दुरून बघायची. आत फोटो काढता येत नाही. तिचा पोशाख वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की, राजाच्या हस्ते बदलतात. आपल्या देवांचे पोशाख रोज बघणाऱ्या आईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

खरी मौज त्या देवळाभोवतीच्या ओवरीत आहे. तिथल्या भिंतींवर 'रामकियेन', म्हणजे थाई रामायण, 178 चित्रांत रंगवलेलं आहे. ओवरीला छप्पर असल्यामुळे आवारातली सर्वांत सुसह्य जागाही हीच. दशकंठाचा थाई उच्चार 'थोत्सकान', तो हिरव्या तोंडाचा, आणि हनुमान पांढराशुभ्र. मात्र थाई हनुमान ब्रह्मचारी नाही, मत्स्यकन्येवर त्याचं मन जडतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर शनिवारचा उपास करणारे बाबा भिंतीसमोर उभे राहून वाद घालतील.

अडचण आहे ती अंगणाची. फरशी तापते, सावली जवळजवळ नाही, आणि दहानंतर पर्यटकांच्या बसा रिकाम्या व्हायला लागल्या की गर्दीच्या वेगाने चालावं लागतं. म्हणून साडेआठलाच दारात हजर राहा आणि साडेदहाला बाहेर पडा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सलवार-कुर्ता सर्वांत सोपा, बाबांना पूर्ण पँट. देवळात जाताना उंच उंबरठा असतो, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, आणि तेव्हा हात धरायला कोणीतरी शेजारी लागतं. बाहेर रस्त्यावर एखादा नेटका माणूस "आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे" असं सांगून चाळीस बाथमध्ये टुकटुकने शहर फिरवायला निघाला, तर नमस्कार करून पुढे चला. ती सफर रत्नांच्या दुकानात संपते.

वाट फो मात्र म्हाताऱ्या माणसांसाठीच बांधलंय असं वाटावं इतकं सोयीचं आहे. आवार सपाट, झाडं, बाक, आणि तिकीट सध्या 300 बाथ. पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब, 15 मीटर उंच आहे. तळपायांवर शिंपल्याच्या जडावात 108 शुभचिन्हं आहेत. मागच्या बाजूला 108 कांस्य वाडगे ओळीने ठेवलेले असतात, तिथे सुटी नाणी विकत घेऊन एकेक टाकत जायचं. हे काम आई अर्धा तास आनंदाने करते. मेट्रोचं सनाम चाय स्थानक चालण्याच्या अंतरावर आहे.

वाट फोमध्येच पारंपरिक मालिशचं विद्यालय आहे. पायांचं मालिश खुर्चीत बसून होतं, तेवढं घ्यावं. पूर्ण थाई मालिशमध्ये सांधे ओढतात, पाठीवर कोपराने दाब देतात. हाडं ठिसूळ झालेली असतील, गुडघा बदललेला असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर ते टाळा. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर पायाचंही नको, कारण दाब जास्त होतोय हे त्यांना कळणारच नाही. "बाओ-बाओ" म्हणजे हळू, हे दोन शब्द पाहुण्यांनाच शिकवा.

राहता राहिलं वाट अरुण. था तियेन धक्क्यावरून पाच बाथची होडी पलीकडे नेते, तिकीट 200 बाथ. मुख्य मनोऱ्याच्या पायऱ्या इतक्या खड्या आहेत की धडधाकट माणसंही कठडा धरून उलटी उतरतात. पालकांना तिथे खालीच बसवा, किंवा नदी ओलांडूच नका. संध्याकाळी दिवे लागल्यावर अलीकडच्या काठावरून ते जास्त छान दिसतं, आणि चहाही मिळतो. नदीतल्या एक्स्प्रेस बोटी (केशरी झेंडा, 16 बाथ) स्वस्त आणि वाऱ्याच्या, पण धक्क्याला काही सेकंदच टेकतात. होडी हलते, धक्काही हलतो, आणि मधली फट ओलांडायची असते. उडी मारायची हिंमत नसेल तर पर्यटकांची निळ्या झेंड्याची बोट घ्या. ती महाग पडते, पण बसायला जागा मिळायची शक्यता जास्त.

अयुथ्या की मुआंग बोरान?

इथे आमचं मत बहुतेकांच्या उलट आहे. अयुथ्या म्हणजे अयोध्याच. 1351 साली वसलेली राजधानी, 1767 मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने जाळली, 1991 पासून युनेस्कोच्या यादीत. इतिहासाची आवड असलेल्या बाबांसाठी तिला पर्याय नाही. पण आहे काय, तर विटांचे अवशेष. उघडं मैदान, उंचसखल जमीन, आणि वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं ते प्रसिद्ध बुद्धमस्तक, ज्याच्यासोबत फोटो काढायचा तर उकिडवं बसावं लागतं, कारण आपलं डोकं त्याच्यापेक्षा वर नसावं असा नियम आहे. बसता येतं, उठवायला दोघं लागतात.

न्यायचंच असेल तर बँकॉकहून गाडी करा. अंतर सुमारे 80 किलोमीटर. साधी रेल्वे वीस बाथमध्ये नेते खरी, पण पंखा आणि उघड्या खिडक्यांवर पावणेदोन तास, वर स्टेशनवरची पायपीट. साडेसातला निघा आणि तीनच ठिकाणं बघा: वाट महाथात, वाट फ्रा सी सान्फेतचे तीन स्तूप, आणि त्याला लागूनच असलेलं मोंगखोन बोफित, जिथे डोक्यावर छप्पर आहे. साडेअकराला थांबा. परतीच्या वाटेवरचा बांग पा-इनचा उन्हाळी महाल बाग म्हणून सुखद आहे आणि तिथे बॅटरीची गाडी भाड्याने मिळते.

मुआंग बोरान बँकॉकच्या दक्षिणेला समुत प्राकानमध्ये आहे. एका उद्योजकाने देशभरातली शंभराहून जास्त देवळं आणि महाल एका आवारात, काही खऱ्या मापाची, काही लहान करून, उभी केली. प्रतिकृती म्हणून नाक मुरडण्याआधी एक लक्षात घ्या: अयुथ्येचा सान्फेत महाल मूळ जागी आज फक्त पाया उरलाय, तो उभा बघायचा तर इथेच. आवार अवाढव्य आहे, पण बॅटरीची गाडी घेऊन प्रत्येक इमारतीच्या पायरीपर्यंत जाता येतं, किंवा जादा पैसे भरून स्वतःची मोटार आत नेता येते. दम लागला की गाडीत बसायचं, पाणी प्यायचं, पुढे निघायचं. तिकीट राजवाड्याहून महाग, तरी गुडघेदुखी असेल तर आम्ही अयुथ्येऐवजी हेच सुचवू. टेकडीवरचं प्रेह विहारचं देऊळ तेवढं खालून बघा. स्कायट्रेनच्या खेहा स्थानकावर उतरून तिथून टॅक्सी.

तरंगता बाजार की गणपती?

दामनोन सादुआकचा तरंगता बाजार शंभरेक किलोमीटर दूर. पहाटे उठायचं, लाकडी पायऱ्या उतरून हलत्या अरुंद होडीत पाय टाकायचा, तळाशी मांडी घालून बसायचं, आणि प्रत्येक वस्तूवर घासाघीस. भाजीबाजार रोज बघणाऱ्या आईला यात फार नवल वाटत नाही. होडीतला बाजार बघायचाच असेल तर शनिवार-रविवारी शहरातल्याच तालिंग चानला जा.

त्याऐवजी पूर्वेला छाछोएंगसाओची वाट धरा. ख्लोंग ख्वेआनला 39 मीटर उंचीचा उभा कांस्य गणपती आहे, 2012 मध्ये पूर्ण झालेला, हातांत फणस, आंबा, केळी आणि ऊस घेतलेला. त्याच जिल्ह्यात वाट समान रत्तनाराम इथे नदीकाठी गुलाबी, आरामात रेललेला गणपती आहे. तिथल्या उंदरांच्या कानात इच्छा सांगतात, आणि सांगताना दुसरा कान हाताने बंद करतात, इच्छा तिकडून निसटू नये म्हणून. थायलंडमध्ये गणपती 'फ्रा फिकनेत', कलावंतांचं दैवत. त्याला लाल सरबताच्या बाटल्या वाहिलेल्या दिसल्या की मोदकवाले लोक थोडे गोंधळतात. गाडीने दीड-दोन तास, पायऱ्या जवळपास नाहीत. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

चियांग माय की समुद्र?

हा प्रश्न महिना बघून सोडवायचा. नोव्हेंबर ते जानेवारी: चियांग माय. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तिकडे शेतं आणि जंगलं जळतात, हवा धुराने भरते, आणि दमेकऱ्याला तिथे नेणं म्हणजे विकतचं दुखणं. मे ते ऑक्टोबर अंदमान बाजूला, म्हणजे फुकेत-क्राबीला, पावसाळा आणि खवळलेला समुद्र.

चियांग मायला विमान सव्वा तासात पोचतं. खंदकाच्या आतलं जुनं गाव सपाट आहे. वाट चेदी लुआंगचा भंगलेला स्तूप जमिनीवरूनच दिसतो, आणि पाचूचा बुद्ध एके काळी इथेच होता हे कळलं की बँकॉकचा धागा जुळतो. दोई सुथेपच्या देवळाला तीनशेवर पायऱ्या आहेत, पण शेजारी विद्युत पाळणा चालतो, त्याची रांग धरा. लाल सामायिक गाड्यांची मागची पायरी उंच असते आणि बसणं आडवं, शिवाय घाटात वळणं. त्यामुळे मोटार मागवा आणि उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास द्या. दोई इन्थानोन (2,565 मीटर) हा देशातला सर्वोच्च डोंगर. वरच्या जोडस्तूपांना सरकते जिने आहेत, मात्र डिसेंबरात स्वेटर हवाच.

बेटांच्या सहली मात्र पालकांसाठी नाहीत. लांब शेपटीच्या होडीत चढायला गुडघाभर पाण्यातून जायचं आणि मग डुगडुगती शिडी. वेगवान बोट लाटांवर आपटते तेव्हा मणक्याला हिसके बसतात, पुढच्या बाकांवर सर्वांत जास्त. समुद्रच हवा असेल तर बँकॉकहून तीनेक तासांवरचं हुआ हिन: सपाट वाळू, सकाळी चालायला मोकळा किनारा.

जेवण आणि औषधं

'मांसाविरत', म्हणजे शाकाहारी, म्हटलं की अंडं येऊ शकतं, आणि कधी माशाचा सॉसही. 'जे' म्हणा. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षर असतं, तिथे मांस, अंडं, मासळीचा सॉस, कांदा, लसूण काहीच नसतं. बटाटा-गाजर मात्र असतं, जैन मंडळींनी विचारून घ्यावं. भारतीय जेवणासाठी फाहुरात, मेट्रोचं साम योत स्थानक. तिथल्या गुरुद्वारात सकाळी लंगर असतो. स्वच्छतागृहांत पाण्याचा फवारा बहुतेक ठिकाणी असतो, ही मोठीच सोय. जुन्या बाजारांत भारतीय पद्धतीची शौचकूपं असतात, म्हणून मॉल किंवा पेट्रोल पंपावरच थांबा.

झोपेसाठी किंवा चिंतेसाठी अल्प्राझोलामसारखी गोळी, किंवा दुखण्यासाठी ट्रामाडोल चालू असेल, तर ती थायलंडमध्ये नियंत्रित औषधं आहेत. निघण्याआधी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे नियम बघा, डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, मूळ वेष्टन आणि तीस दिवसांपेक्षा कमी साठा ठेवा. विमान कंपनीकडे चाकाची खुर्ची दोन दिवस आधी मागा, चालता येत असलं तरी, कारण सुवर्णभूमी विमानतळावर दारापासून पासपोर्ट खिडकीपर्यंतचं अंतरच दमवतं. 1 मे 2025 पासून डिजिटल आगमनपत्र भरणं सक्तीचं आहे. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही. आई-बाबांच्या वतीने तुम्हीच भरा आणि त्याची छापील प्रत पासपोर्टात घालून द्या. फोन रेंजमध्ये यायची वाट बघत खिडकीपुढे उभं राहणं त्यांना जमणार नाही.